कुणाचाच नसलेला फोन

आमच्या साताऱ्याच्या घरात पाच माणसं आणि सहा फोन आहेत. पाच फोन कुणाचे ते सांगता येतं. आजीचा बटणांचा, बाबांचा मोठ्या अक्षरांचा, आईचा, धाकट्या बहिणीचा, आणि माझा, जो माझ्याबरोबर पुण्यात असतो. सहावा कुणाचा हे सांगणं अवघड आहे. तो हॉलमध्ये टीव्हीशेजारी स्टुलावर असायचा, त्याला वायर आहे, आणि त्याचा नंबर ०२१६२ने सुरू होतो. कनेक्शन आजोबांच्या नावावर होतं. आजोबा २०१९मध्ये गेले.

गेल्या वर्षी घराचं वायरिंग नव्याने करायला घेतलं तेव्हा इलेक्ट्रिशियनने विचारलं, "ही फोनची वायर ठेवायची का काढायची?" आजी म्हणाली, ठेवा. आई म्हणाली, काढा. बाबा म्हणाले, बघू. बहीण म्हणाली, "त्यावर कुणाचा फोन येतो तरी का?" मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. घरात इंजिनिअर असला की वायर, रिमोट आणि आधार कार्ड या तिन्ही विषयांवर त्याचं मत अंतिम मानतात.

मला ज्या कामाचा पगार मिळतो, त्यात न लागणारा कोड काढून टाकणं हेही एक काम असतं. त्याचा नियम साधा आहे. एखादं फंक्शन डिलीट करण्याआधी त्याला कुठून कुठून कॉल येतो ते बघायचं. कुठूनच येत नसेल तर उडवायचं. मी तोच नियम फोनला लावला. आजीला म्हटलं, महिनाभर येणारा प्रत्येक फोन वहीत लिहून ठेव. तिने ठेवला. कर्ज देणारे, प्लॉट विकणारे, रेकॉर्ड केलेले आवाज, गॅस एजन्सी, एक राँग नंबर आणि आजीची कऱ्हाडची बहीण. इथून बाहेर केलेले फोन जवळजवळ नाहीतच. कोडच्या भाषेत निकाल स्पष्ट होता. तरी माझा हात डिलीटवर जाईना, आणि का जाईना हे नीट सांगताही येईना. ते सांगण्याचा हा प्रयत्न.

सोयीचा हिशेब

लँडलाइन ठेवा म्हणणारे लोक सहसा तीन कारणं देतात. पहिलं विजेचं. तांब्याच्या तारांची जुनी लाइन स्वतःची वीज स्वतः घेऊन येते. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग असते, तिथून सुमारे ४८ व्होल्टचा डीसी पुरवठा त्याच दोन तारांतून घरापर्यंत येतो. म्हणून भारनियमनाच्या काळात पंखा, ट्यूब, टीव्ही सगळं बंद पडलं तरी अंधारात फोन वाजायचा. लहानपणी मला ही जादू वाटायची. पण आता जिकडेतिकडे तांबं जाऊन फायबर येतंय. फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. घरातल्या त्या छोट्या डब्याला आपल्याच सॉकेटमधून वीज द्यावी लागते. लाइट गेले की इन्व्हर्टर असेल तर फोन, नाहीतर नाही. जादू संपली.

दुसरं कारण संकटाचं. ११ जुलै २००६ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले तेव्हा मोबाइलचं नेटवर्क तुंबलं होतं. लाखो लोक एकाच वेळी 'तू बरा आहेस ना' विचारत होते आणि कुणाचा कुणाला लागत नव्हता. अशा वेळी दुसरा रस्ता असलेला बरा, हे खरंच आहे. पण वर्षानुवर्षं भाडं भरण्यासाठी एवढं कारण पुरत नाही. तिसरं कारण आवाजाचं, जाड भिंतींच्या घरात मोबाइलला रेंज नसते वगैरे. ते वायफाय कॉलिंगने निकालात काढलं.

बाकी व्यवस्थेनेही लँडलाइनला तिची पायरी दाखवलेली आहे. १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावा लागतो. का, तर नव्या मोबाइल नंबरांसाठी जागा मोकळी व्हावी म्हणून. धाकट्याला ऐसपैस बसता यावं म्हणून थोरल्याने जरा सरकून घ्यायचं, असा तो प्रकार. देशातले मोबाइल २००४च्या ऑक्टोबरमध्येच लँडलाइनपेक्षा जास्त झाले होते. पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५चा. म्हणजे थोरल्याला मागे टाकायला धाकट्याला जेमतेम नऊ वर्षं लागली.

तेव्हा प्रश्न सोयीचा असेल तर उत्तर आईचं: काढा. मला शोधायचं होतं ते सोय वजा केल्यावर काय उरतं.

'कोण बोलतंय?' ते 'कुठे आहेस?'

नंबर कसा बनतो ते बघा. ०२१६२ म्हणजे सातारा. ०२० पुणे, ०२२ मुंबई, ०२३१ कोल्हापूर. पुढचे आकडे एक्स्चेंजपर्यंत आणि तिथून तारांच्या एका जोडीपर्यंत नेतात. ती जोडी रस्त्यावरच्या खांबावरून आपल्या भिंतीत शिरते. हा नंबर म्हणजे आकड्यांत लिहिलेला पत्ताच आहे. या साखळीत माणूस कुठेही नाही.

मोबाइलचं उलट असतं. तिथे नंबर माणसाचा, आणि माणूस फिरता. त्यामुळे तो आत्ता कुठे आहे हे नेटवर्कला सतत टिपून ठेवावं लागतं. जीएसएमच्या रचनेत त्यासाठी दोन नोंदवह्या असतात. एकीचं नाव होम लोकेशन रजिस्टर, दुसरीचं व्हिजिटर लोकेशन रजिस्टर. कॉलेजात हे शिकताना मी फक्त परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आता ती नावं मला मजेशीर वाटतात. तुमचा फोन जिथे जाईल तिथे त्याची नोंद पाहुणा म्हणून होते, आणि 'होम'च्या वहीत काय लिहिलेलं असतं, तर तुम्ही सध्या कुणाकडे पाहुणे आहात ते.

या फरकामुळे आपलं बोलणं बदललं. लँडलाइनवर पहिला प्रश्न असायचा, "कोण बोलतंय?" मोबाइलवर कोण ते स्क्रीन सांगते, त्यामुळे पहिला प्रश्न झाला, "कुठे आहेस?" आधी जागा ठाऊक असायची आणि माणूस विचारावा लागायचा. आता माणूस ठाऊक असतो, जागा विचारावी लागते. मोबाइल माणसाला शोधत येतो. लँडलाइन घराला हाक मारते, आणि घरात जो असेल त्याने ओ द्यायची.

ही ओ देण्याची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अतिथी या शब्दाची जुनी फोड अशी सांगतात: ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. कॉलर आयडी नसलेल्या फोनवर येणारा प्रत्येक जण अतिथी होता. कोण आहे ते दार उघडल्यावरच कळणार. आमच्या पिढीने हे दार रीतसर बंद केलंय. आम्ही फोन करण्याआधी मेसेज करून विचारतो, 'कॉल करू का?' आणि अनोळखी नंबर तर उचलतच नाही. यात उद्धटपणा आहे असं मला वाटत नाही. समोरच्याच्या वेळेचा मान ठेवायची ती आमची रीत आहे. एवढंच, की तिथी ठरवून येणाराला अतिथी म्हणत नाहीत. खरे अतिथी आता फक्त लँडलाइनवर येतात. त्यातले बहुतेक प्लॉट विकायला येतात हे दुर्दैव.

पीपी

तिशीच्या आतल्या वाचकांपैकी किती जणांना 'पीपी' म्हणजे काय हे ठाऊक असेल याची मला शंका आहे. मलाही ते आजोबांच्या जुन्या डायरीत सापडलं. नावापुढे नंबर, आणि नंबरापुढे कंसात पीपी. ट्रंक कॉलच्या काळात 'पर्टिक्युलर पर्सन' असा कॉल बुक करता यायचा, म्हणजे अमुकच माणूस लाइनवर आला तर जोडा. त्यावरून पुढे पीपी म्हणजे शेजाऱ्याचा फोन असा अर्थ रूढ झाला. लोक शेजाऱ्याचा नंबर स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डवर, लग्नपत्रिकेवर छापायचे. शेजारी फोन उचलायचे, "धरा हं" म्हणायचे आणि गॅलरीतून हाक मारायचे.

त्यामागे टंचाई होती. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली सुरू झालं, पण शंभर वर्षांनंतरही साध्या माणसाला फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. मोठी रक्कम भरून रांगेत पुढे जाता यावं म्हणून 'ओन युवर टेलिफोन' नावाची वेगळी योजना होती. १९८४मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, तिने एसीशिवाय आणि धुळीत चालतील अशी छोटी ग्रामीण एक्स्चेंज बनवली, पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ गल्लोगल्ली आले, आणि मग कुठे फोन साताऱ्यासारख्या गावातल्या आमच्यासारख्या घरांपर्यंत पोचायला लागला. आमच्याकडे तो १९९६ला आला. आजोबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आमच्या गल्लीतला तो दुसरा फोन. पुढची काही वर्षं आमचा नंबर चार घरांचा पीपी होता.

आजी हे सांगते तेव्हा तिच्या बोलण्यात अभिमान असतो. कुणाची नोकरी लागल्याचा निरोप, कुणाच्या मुलीला कळा सुरू झाल्याचा, कुणाचा बाप गेल्याचा. सगळं आधी आजीच्या कानात पडायचं आणि मग तिने ते योग्य शब्दांत पोचवायचं. "बाप गेला असं कसं सांगायचं दारात उभं राहून? आधी म्हणायचं, घरी जाऊन या, तब्येत बरी नाही." निरोप पोचवणं ही जबाबदारीची कला होती, आणि ती कुणी शिकवत नव्हतं.

इथपर्यंत आलो तेव्हा माझा लेख मनातल्या मनात लिहून झाला होता. सामाईक फोन, शेजारधर्म, हरवलेली माणुसकी. तुम्ही असे लेख वाचलेले आहेत. मग मी आईला विचारलं की तुला काढून का टाकायचाय.

आईची बाजू

आई म्हणाली, "माझ्या आईशी मी तेरा वर्षं त्या फोनवर बोलले. एकदाही रडता आलं नाही."

आईचं माहेर पंढरपूरचं. फोन हॉलमध्ये, आजोबांच्या खुर्चीशेजारी. माहेरचा फोन आला की हॉलमधलं बोलणं थांबायचं आणि सगळे पेपर वाचायला लागायचे. तिकडून पंढरपूरची आजी विचारायची, बरी आहेस ना? आई म्हणायची, हो. काही त्रास नाही ना? नाही. जेवतेस ना? हो. हो, नाही, बरं आणि ठेवते, एवढ्या चार शब्दांत तिने तेरा वर्षं आईशी संवाद केला. तिकडची बाई त्या 'हो'च्या लांबीवरून काय ते ओळखायची. २००९मध्ये बाबांनी आईला मोबाइल घेऊन दिला. त्या दिवशी ती गच्चीवर गेली आणि तासभर खाली आली नाही.

आणि फोन उचलायचं कोण? आईच. ती कणीक मळत असली तरी हॉलमधून आवाज यायचा, "अगं, फोन!" फोनजवळ बसलेला माणूस स्वयंपाकघरातल्या माणसाला फोन वाजतोय हे सांगायचा. चार घरांचे पीपी निरोप आजीच्या नावावर जमा झाले, पण पावसात छत्री घेऊन ते द्यायला कोण गेलं, हेही आईने मला शांतपणे सांगितलं.

आजी आणि आई एकाच फोनबद्दल बोलत होत्या. आजीला तो घराची प्रतिष्ठा म्हणून आठवत होता, आईला पहारा म्हणून. दोघींपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. सामाईक वस्तूंबद्दल गहिवरून लिहिताना आपण बहुधा तिची मालकी ज्याच्याकडे होती त्याच्या आठवणी वापरतो. ज्याला ती वस्तू वापरण्यावाचून पर्याय नव्हता, त्याला विचारत नाही. पीपी नंबरवर फोन घ्यायला येणाऱ्या शेजाऱ्यांनाही कुणी विचारलेलं नाही. दुसऱ्याच्या हॉलमध्ये उभं राहून, त्यांच्या जेवणाच्या वेळी, आपल्या घरातलं दुःख हळू आवाजात ऐकताना त्यांना काय वाटत असेल?

म्हणून मोबाइलने माणसांना एकटं पाडलं हे वाक्य मी आता सरसकट वापरत नाही. आईसारख्या कित्येक बायकांना, घरच्यांना न आवडणाऱ्या माणसावर प्रेम करणाऱ्या कित्येक मुलामुलींना त्याने पहिल्यांदा स्वतःचा असा आवाज दिला. ते एकटेपण त्यांनी कमावलेलं आहे.

एवढं ऐकल्यावर खरं तर मी वायर कापायला हवी होती. मधे एक फोन आला.

अण्णांसाठी आलेला फोन

जुलैतला शनिवार होता, मी घरी होतो. मी फोन उचलला. पलीकडे म्हातारा आवाज. "अण्णा आहेत का?"

अण्णा म्हणजे आजोबा. मी विचारलं, आपण कोण. ते आजोबांच्या डेपोतले ड्रायव्हर. निवृत्त होऊन मुलाकडे परभणीला गेलेले. जुन्या डायरीत नंबर सापडला म्हणून लावून बघितला. "तू कोण रे?" मी म्हटलं, नातू. आणि मग मला ते वाक्य बोलावं लागलं. ते काही वेळ गप्प राहिले. मग "बरं" म्हणाले. पुन्हा "बरं" म्हणाले. मग विचारलं, "वहिनी आहेत का?"

आजी फोनवर आली. हे दोघं आयुष्यात दोनतीनदाच भेटले असतील. दहा मिनिटं बोलले. बरंचसं गुडघ्यांबद्दल आणि पावसाबद्दल. फोन ठेवल्यावर आजी म्हणाली, "बरं झालं आपल्याच घरातून कळलं."

त्या रात्री मी हिशेब करत होतो. आजोबांकडे शेवटची काही वर्षं मोबाइलही होता. ते गेल्यावर आम्ही तो नंबर बंद केला. बंद झालेला मोबाइल नंबर किमान ९० दिवस दुसऱ्या कुणाला देत नाहीत, त्यानंतर तो देता येतो. नंबर मर्यादित आहेत, तेव्हा हे योग्यच आहे. माझ्या फोनमध्ये मात्र तो नंबर अजून 'अण्णा' या नावाने सेव्ह होता, आणि एक दिवस व्हॉट्सअॅपवर अण्णांच्या नावासमोर बुलेटवर बसलेल्या गॉगलवाल्या पोराचा फोटो दिसला. त्या पोराचा काही दोष नाही. पण परभणीच्या त्या माणसाने मोबाइलवर फोन केला असता तर त्याला 'राँग नंबर' एवढंच उत्तर मिळालं असतं. आणि तेही खरंच असतं.

माणसाचा नंबर माणसाबरोबर संपतो. घराचा नंबर असेल, तर गेलेल्या माणसासाठी आलेल्या हाकेला ओ द्यायला कुणीतरी शिल्लक राहतं. असा फोन पाच वर्षांतून एकदा येतो. माझ्या महिनाभराच्या वहीत तो सापडणं शक्यच नव्हतं.

सगळ्यांना दिसलं, कुणी उचललं नाही

आमचा फॅमिली ग्रुप आहे, तुमचाही असेल. त्यावर आजी कधीमधी व्हॉइस मेसेज टाकते, की गोळ्या संपल्यात. तो सगळ्यांना पोचतो, सगळे ऐकतात. निळ्या टिकल्या उमटतात. गोळ्या संध्याकाळपर्यंत येत नाहीत, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा आणेल. ग्रुप हा सामाईक वाटतो, पण तो पाच वेगवेगळ्या खिशांत वाजतो.

माझ्या कामात आम्ही हे अनुभवाने शिकलो आहोत. सर्व्हर बंद पडल्याची सूचना दहा जणांना एकदम पाठवली तर दहाही जण बाकीच्या नऊ जणांवर विसंबतात. म्हणून ऑन-कॉलची पद्धत असते. सूचना कुणा एका माणसाच्या नावाने येत नाही, त्या सेवेच्या नावाने येते. ज्याची पाळी असेल तो उचलतो. त्याने उचललं नाही तर ठरलेल्या मिनिटांनी पुढच्याकडे जाते. काय झालं, काय केलं, हे तो लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या पाळीवाल्याला कळतं. जगातल्या सगळ्यात महागड्या यंत्रणा चालवणाऱ्या लोकांनी फिरून फिरून जे शोधून काढलं ते काय, तर कुणा एकाच्या मालकीचा नसलेला फोन, शेजारी वही, आणि उचलायची पाळी.

मोबाइलवर ही गोष्ट घडू शकत नाही. दुसऱ्याचा वाजणारा मोबाइल आपण उचलत नाही, उचलणं असभ्य समजलं जातं, आणि ते बरोबर आहे. पण त्यामुळे दुसऱ्यासाठी आलेल्या हाकेला ओ देण्याची सवयच गेली. आम्ही सॉफ्टवेअरवाले जे काही बनवतो त्यात सगळीकडे 'यूजर' असतो. त्याचं नाव, नंबर, ओटीपी. घर नावाची गोष्ट त्या टेबलांत क्वचितच असते.

सरकारी कागदांत ती अजून आहे, शिधापत्रिकेच्या रूपात. तिचा इतिहासही आमच्या फोनसारखाच. वर्षानुवर्षं कुटुंबप्रमुख म्हणून पुरुषाचं नाव असायचं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने ठरवलं की शिधापत्रिकेसाठी घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री ही कुटुंबप्रमुख. 'कुटुंब' हा घटक कायद्याने मोडीत काढला नाही, त्याच्या डोक्याशी कोण बसणार तेवढं बदललं. मला इथे एक वाट दिसली.

आईला जाचत होती ती सक्ती. बोलायला दुसरी जागाच नसण्याची, आणि उठून उचलण्याचं काम आपोआप तिच्याकडे येण्याची. खाजगी फोन नसलेल्या घरात सामाईक फोन हा पहाराच होणार. पण आज घरात प्रत्येकाकडे गच्चीवर घेऊन जाता येईल असा स्वतःचा फोन आहे. म्हणजे हॉलमधला फोन आता पहिल्यांदाच कुणावर लादलेला नाही. आजीच्या आठवणीत तो जसा आहे तसा तो तेव्हा कधीच नव्हता, पण आता होऊ शकतो. प्रत्येकाला स्वतःचं काही मिळाल्याशिवाय सामाईक काही मागण्याचा अधिकार घराला नाही, आणि गावालाही नाही, असं मला वाटतं. ते मिळाल्यावर मात्र सामाईक काहीच शिल्लक राहिलं नाही, तर घर म्हणजे एक वायफाय पासवर्ड एवढंच उरतं.

अटी

हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "भाषण छान आहे. उचलणार कोण?"

मग अटी ठरल्या, बहुतेक तिच्या. फोन हॉलमधून हलवायचा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या आमिश लोकांबद्दल मी वाचलं होतं. त्यांच्यातले जुन्या वळणाचे बरेच जण फोन वापरतात, पण घरात ठेवत नाहीत. रस्त्याच्या कडेला छोटी खोली बांधतात आणि काही कुटुंबं मिळून तिथला फोन वापरतात. त्यांचा धर्म आणि शिस्त माझ्या पचनी पडणारी नाही, पण फोन घ्यायचा की नाही यापेक्षा तो कुठे ठेवायचा हा प्रश्न त्यांनी आधी विचारला, हे मला पटतं. आमचा फोन आता बोळात जिन्याखाली आहे. तिथे टीव्हीचा आवाज येत नाही, आणि कुणाची खुर्चीही नाही.

दुसरी अट, जो जवळ असेल त्याने उचलायचा. "अगं, फोन!" ही हाक घरातून रद्द. बाबांना हे जड जातंय, पण जमतंय. तिसरी, उचलेल त्याने वहीत लिहायचं: कोण, कुणासाठी, काय निरोप. चौथी अट सध्याच्या काळाची. हल्ली फोनवरून म्हाताऱ्या माणसांना पोलिस असल्याचं सांगून लुबाडतात, त्यामुळे आजीला नियम दिलाय: घरातल्या माणसाचं नाव सांगता आलं नाही तर फोन ठेव, आणि नाव सांगून पैशाचं नाव काढलं तरी ठेव. पाचवी, तांबं जाऊन फायबर येईल तेव्हा येऊ दे, नंबर तोच ठेवायचा. जपायचा तो नंबर, तार नव्हे.

कनेक्शन कुणाच्या नावावर करायचं यावर मी आणि बाबा एकमेकांकडे बघत होतो. बहीण म्हणाली, "माझ्या. साताऱ्यात मीच राहते, बिलही मीच भरते." आजीला जरा विचित्र वाटलं. मुलगी उद्या सासरी जाईल, असं ती पुटपुटली. आई म्हणाली, "गेली तर नंबर काय पाठीला बांधून नेणारे? तो घराचाय." हे वाक्य आईच्या तोंडून ऐकल्यावर मी पुढे काही बोललो नाही. काही विसंगती सोडवायच्या नसतात.

तुमच्या घरी लँडलाइन नसेल तर घ्या, असं मी म्हणणार नाही. ज्यांच्याकडे ती मुकाट्याने बंद पडून आहे त्यांनी ती खुशाल काढावी, धूळ तेवढी कमी. पण एक गोष्ट आज रात्री जेवताना घरात विचारून बघा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी तुमच्या आजोबांना, आईला किंवा आत्याला ओळखणाऱ्या कुणाला उद्या हाक मारावीशी वाटली, तर ती कुठे पोचेल? आणि ज्याला हाक मारली तो नसेल, तर ओ कोण देईल? उत्तरात वायर असायलाच हवी असं नाही. एखाद्या माणसाचं नाव मात्र यायला हवं, आणि ते नेहमी त्याच एका बाईचं असू नये.